पान दुसरं, प्रश्न चौदावा

चहा किती गरम पिता?
कोमट, गरम, अतिगरम.
योग्य त्या चौकटीत खूण करा.

छापणाऱ्याला ठाऊक नसावं,
आमच्या डोंगरात चहा दोनच तऱ्हेचा असतो:
चहा,
आणि ओतून टाकायचा.

झेडी चेलंगात. वय सव्वीस.
बोमेटच्या वरच्या अंगाला घर,
मळे असे हिरवे की परगावचे लोक
मोटार थांबवून फोटो काढतात.
मार्चपर्यंत तीही त्या फोटोंत असेल कुठेतरी,
पाठीवर टोपली, तोंड पलीकडे.

जूनपासून उगालीचा घास अडकतो, नवरा सांगतो.
आता तर पेजही.
ती काही बोलत नाही.
बोटानं हनुवटीखालून एक रेघ ओढते,
आणि छातीच्या हाडाशी रेघ थांबते
तिथं दोनदा टकटक करते,
दार वाजवावं तशी.

मी विचारत जातो.
चूल घरात की बाहेर?
आंबवलेलं दूध भोपळ्यात ठेवता? कोळसा घालून?
मक्याला बुरशी? दात कधी पडले?
आजोबा कशानं गेले?
आजोबा "खात नव्हते" म्हणून गेले.
खूण. खूण. खूण.
यातलं नेमकं काय, ते अजून कुणालाच सांगता येत नाही,
म्हणून सगळंच विचारायचं.

सासू, तापरांडिच, चहा आणते.
माझ्या पिशवीत तापमापी असते, कपात बुडवायची.
ती शोधून, पुसून, बुडवीपर्यंत
मी अर्धा कप संपवलेला असतो.
फुंकर न घालता.
उरलेल्या अर्ध्याचा पारा अडुसष्टावर.
तोंड कधी पोळलंच नाही आमचं,
ताक फुंकायला कोण शिकणार?

नैरोबीच्या कार्यालयात भिंतीवर नकाशा आहे.
आमचा जिल्हा त्यावर विटकरी, जवळजवळ काळा.
सरोवराकडे रंग उतरत जातो,
उत्तरेला कागदच दिसतो.
परदेशातून मेल येते:
सव्वीस, एकोणतीस, बावीस,
वयाच्या रकान्यात चूक आहे का, तपासावं.
मी तपासतो.
मोटारसायकल काढून पुन्हा जातो, कधी कधी
वय सांगायला फक्त आई उरलेली असते.
चूक नाही, कळवतो.

एकदा एक पाहुणे नकाशासमोर उभे राहून म्हणाले,
उत्तरेचे लोक नशीबवान.
मी म्हटलं, साहेब,
उत्तरेत मी नाही.
माझं पेट्रोल संपतं तिथं आजार संपतो,
कागदावर.

झेडीच्या फॉर्मवर एक चौकट रिकामीच होती: गाव.
जन्म नदीपलीकडचा, नारोककडचा.
लग्न इथलं.
मधली चार वर्षं एल्डोरेटला, मावशीकडे, शाळेसाठी.
हे कुठल्या पाण्याचं, कुठल्या धुराचं,
कुठल्या जिल्ह्याच्या रंगात घालायचं तिला?
फॉर्मला एकच गाव लागतं.
नवरा म्हणाला, इथलंच लिहा, आता इथलीच ती.

मी उठलो तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.
आवाज जाडसर, ओल्या लाकडासारखा.
"तुम्ही हे लिहिता, त्यानं काय होतं?"

नळी बसते, हे सांगता आलं असतं,
अन्ननलिकेत जाळीची,
पेज उतरते काही महिने.
हॉस्पिटलचा पत्ता तर दिलाच होता.
पण ते डॉक्टरच्या लिहिण्यानं होतं.
माझ्या लिहिण्यानं,
मी म्हणालो,
रंग गडद होतो.

ती हसली.
जपून, ठसका लागू नये इतकंच.

घरी आलो. बायकोनं चहा ठेवला.
मी तो तसाच राहू दिला, साय धरेपर्यंत.
रागावलात का, तिनं विचारलं,
आणि उत्तराची वाट न पाहता
कप उचलून
परत चुलीवर ओतला.